अर्विनची जाळी

माझा भाऊ अर्विन रेघ बघायचा तेव्हा डावा डोळा मिटून बघायचा. सुतार फळीची धार बघतात तसा. लहानपणी आई भिंतीवर फोटो लावायला लागली की हा खुर्चीवर चढायचा, डावा डोळा मिटायचा आणि "तिकडून जरा वर" म्हणून हुकूम सोडायचा. तो म्हणेल ते बरोबरच निघायचं, म्हणून त्याचा तोरा आणखी वाढायचा. साठी उलटली तरी ही सवय काही गेली नाही. ती नसती तर पुढचं सगळं टळलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि दर वेळी मला त्याचा फक्त राग आला आहे.

हॅरोज पॉइंटला, सरोवराच्या काठावर, आमचं आर्केड आहे. नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायची जुनी उभी यंत्रं, दोन रांगांत. वडलांनी सुरू केलं आणि आम्ही दोघांनी ओढत आणलं. उन्हाळ्यात चालतं, सप्टेंबर सरला की कुलूप. पुढची बाजू माझी: सुट्टी नाणी, पोरांची भांडणं, ओल्या पायांनी आत येणाऱ्यांवर खेकसणं. मागची बाजू अर्विनची. त्याने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं आईच्याच घरात राहिलो, दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोन वेगवेगळे रेडिओ लावून.

हिवाळाभर त्याचा मुक्काम गॅरेजमध्ये. यंत्रांमधले जुने काचेचे मॉनिटर तो दुरुस्त करायचा, आमचेही आणि लोकांचेही. क्लीव्हलँडहून, एरीहून, कुठून कुठून लोक आणून टाकायचे. त्या जड पिक्चर ट्यूबा आता जगात कुठे बनत नाहीत, त्यांची हत्यारंही मिळत नाहीत, म्हणून अर्विनने सगळी हत्यारं घरीच केली होती. पडद्यावरचे रंगाचे डाग घालवायला तांब्याच्या तारेचं कडं, त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. ट्यूबमध्ये जीव किती उरलाय ते बघायला वडलांच्या जेवणाच्या डब्यात बसवलेलं मीटर. आतले नाजूक स्क्रू फिरवायला माझी विणकामाची प्लॅस्टिकची सुई, टोक घासून चपटं केलेली. धातू जवळ गेला की चित्र हलतं, प्लॅस्टिकने हलत नाही. त्या सुईवरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं, कारण स्वेटर अर्धा होता.

आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं ते एक यंत्र. त्याच्या वायरी मॉनिटरला जोडल्या की पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी उमटायची, आडव्या आणि उभ्या, आणि बरोबर मध्ये एक ठिपका. अर्विन मॉनिटरच्या मागे उभा राहायचा, समोर खुर्चीवर आईचा हातातला आरसा टेकवून ठेवायचा, आणि आरशात जाळी बघत बघत मागे ट्यूबच्या मानेवरची कडी फिरवायचा. कुठे रेघ वाकली असेल तर काचेच्या पाठीवर चुंबकाचा छोटा तुकडा चिकटवायचा, मग ती सरळ व्हायची. तेव्हाही डावा डोळा मिटलेलाच. सगळ्या रेघा सरळ झाल्या की तो काहीच बोलायचा नाही, नुसता रेडिओचा आवाज वाढवायचा. त्यावरून मला घरात कळायचं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडिओ वाढेचना.

डेनी पाव्लिक नावाचा एक माणूस आहे, क्लीव्हलँडमध्ये त्याचा बार आहे आणि बारमध्ये जुनी यंत्रं मांडलेली आहेत. त्याने मॉनिटरांचा ढीग आणून टाकला होता. अर्विन जेवायला आला की कुरकुर करायचा, की डेनीने कुठला भंगार माल उचललाय कोण जाणे, मधल्या रेघा सगळ्या पोटात वाकलेल्या आहेत. भरलेल्या कोबीची पानं ताटात तशीच ठेवून तो मला काट्याने दाखवायचा, असं असं वळण येतंय, बरोबर मध्ये. एक मॉनिटर त्याने चुंबक लावून लावून शेवटी जिंकला आणि मला बघायला बोलावलं. मी जाऊन समोर उभी राहिले. जाळीच्या मधल्या रेघा बाहेर फुगल्या होत्या, जशी कणीक फुगते तशा.

मी म्हटलं, हे वाकडं आहे. तो म्हणाला, तू चष्मा पूस. मी चष्मा पुसला आणि पुन्हा सांगितलं की वाकडं आहे. मग त्याने मला सांगितलं की मी आयुष्यभर नाणी मोजली आहेत आणि तीच मोजत राहावीत. यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण घरात येऊन भांडी घासताना माझे हात एकदम थांबले, कारण मला आई आठवली.

आईचे डोळे शेवटी शेवटी मधूनच गेले होते. कडेचं दिसायचं, मधलं नाही. "मधोमध धूर आहे," म्हणायची. आमचे चेहरे बघायचे असले तर ती आमच्या कानांकडे बघायची. आरसा तिने अर्विनला दिला तो तेव्हाच, की मला आता यात फक्त टोपी दिसते, तूच घे. आणि ते सुरू कसं झालं होतं, तर खिडकीची चौकट वाकडी बसवलीय म्हणून तिने वडलांशी भांडण काढलं होतं. चौकट सरळच होती.

मी हात पुसले, गॅरेजमध्ये गेले आणि त्याला सरळ सांगितलं की मॉनिटरला काही झालेलं नाही, तुझ्या डोळ्यांना झालंय, आईसारखं, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाकावरचं वर्तमानपत्र उचललं, मागच्या पानावरची मृत्यूच्या बातम्यांची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली, कोण कुठल्या चर्चमधलं, मागे किती नातवंडं, सगळं. वाचताना दोन्ही डोळे उघडे होते. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याचं सांभाळून घेतो, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं ना मला. गाडी चालवायचा, मासे सोलायचा, जिन्यावरून बिनधास्त उतरायचा. फक्त रेघ बघताना तो डावा डोळा मिटायचा, आणि उजवा त्याला फसवायचा.

मी रोज त्याच्या मागे लागले. तोही रोज नवं कारण काढायचा. एकदा म्हणाला, डोळ्यांचं असतं तर रस्त्यावरचे खांब वाकलेले दिसले असते. मी म्हटलं, मग बाहेर ये आणि खांब बघ. तो खरंच आला, बर्फात बिनकोटाचा उभा राहिला, दोन्ही डोळ्यांनी खांब बघितला आणि विजयी मुद्रेने आत गेला. त्या वेळी मी नुसतं "एक डोळा मीट" म्हटलं असतं तर! पण ते मला सुचलं नाही, आणि त्या गाढवालाही नाही.

नोव्हेंबरात डेनीचा माल परत यायला लागला. डेनी सभ्य माणूस. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि अर्विनला न दुखावता कसं सांगावं म्हणून आधी हवेबद्दल बोलला, मग बेसबॉलबद्दल. शेवटी म्हणाला, "अर्व्ह, गिऱ्हाइकं म्हणतात चित्राला पोट सुटलंय. मला वाटलं आणताना गाडीत काही हललं असेल." अर्विन त्याला म्हणाला की ट्यूबाच खराब आहेत, दुसऱ्या घालून देतो. डेनीने भीत भीत विचारलं की झटका देऊन काही होणार नाही का. झटका म्हणजे म्हाताऱ्या ट्यूबमध्ये जास्तीची वीज सोडून तिला पुन्हा उजळवणं. पुष्कळ लोक करतात. अर्विनला त्याचा भयंकर तिटकारा. त्याने डेनीला दारातच ऐकवलं: "झटका दिलेली ट्यूब चार दिवस झगमगते आणि मग कायमची मरते. त्यापेक्षा तिला आपली आपण मंद होऊ द्यावी. माझ्याकडे ते होत नाही." डेनीने मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग अर्विनने ट्यूबा बदलायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं लोकांच्या अंगणातून उचललेल्या जुन्या टीव्हींच्या ट्यूबा त्याने गॅरेजच्या माळ्यावर जपून ठेवल्या होत्या, एकेक घोंगडीत गुंडाळून. एक काढायचा, बसवायचा, जाळी लावायचा, डावा डोळा मिटायचा. वाकडी. काढायचा, दुसरी बसवायचा. वाकडी. आणि वाकडी ठरली की तिला बाद करायचा. ट्यूब अशीच कचऱ्यात टाकत नाहीत. आत हवा नसते, अख्खी फुटली तर काचा अंगात घुसतात. म्हणून मानेच्या टोकाची बारीक नळी पकडीने मोडायची, सुस्स करून हवा आत जाते, आणि ती ट्यूब संपते. नंतर देवाच्यानेही ती पुन्हा लागत नाही. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या बाजूलाच आहे, मला तो आवाज ऐकू यायचा. कुंपणापाशी बर्फात मेलेल्या ट्यूबांची रांग लांबत गेली, सगळ्यांची तोंडं घराकडे.

त्या चांगल्या होत्या. हे मला माहीत होतं. एकदा मी त्याचा हात पकडला, पकड हिसकावून घ्यायला गेले. त्याने माझी बोटं बाजूला केली, अगदी हळू, आणि म्हणाला की मार्गी, मी हे काम चाळीस वर्षं करतोय. त्याला होता तितका भरवसा मला माझा स्वतःचा कधी वाटलेला नाही. मी आत गेले.

शेवटी तो जिना चढून आपल्या खोलीत गेला आणि पलंगाखालचं खोकं काढून आणलं. त्या खोक्यात एक कोरी ट्यूब होती. कधीच कुठल्या यंत्रात न बसवलेली, कारखान्याच्या कागदातली. वडलांनी विकत आणलेलं पहिलं यंत्र आमच्या दुकानात दाराशीच आहे, त्याची ट्यूब मरेल त्या दिवसासाठी ती राखून ठेवलेली. लोकांनी वाटेल ते देऊ केलं होतं, त्याने कोणाला ती दाखवलीही नव्हती. ती तो डेनीच्या बारमधल्या कुठल्याशा यंत्रात घालायला निघाला होता, का, तर आपलं काम वाकडं नाही हे सिद्ध करायला. मी जिन्याच्या तळाशी आडवी उभी राहिले. तो म्हणाला, बाजूला हो, जड आहे. आणि खरंच जड होती, त्याच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, म्हणून मी बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले. रेडिओ बंद होता. कोरी ट्यूब बसवून झाली होती, पडद्यावर जाळी लागली होती, ताठ, स्वच्छ, इतकी सुंदर की बघत राहावं. काचेच्या पाठीवर एकही चुंबक नव्हता. अर्विन समोर खुर्चीवर बसला होता, आरसा मांडीत पालथा, आणि जाळीकडे बघत होता.

त्याने उजवा डोळा मिटला होता.

मी कॉफी बाकावर ठेवली. त्याने मग उजवा उघडला आणि डावा मिटला. मग पुन्हा उजवा. कोरी ट्यूब वाकडी असूच शकत नाही, तेव्हा कुठे त्याला हे करून बघावंसं वाटलं असणार. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला फार वाटलं, पण आमच्या घरात तशी रीत नाही. तो उठला, कोट न घालता बाहेर गेला आणि कुंपणापाशी ट्यूबांच्या रांगेसमोर उभा राहिला. खाली वाकून एकीच्या तोंडावरचा बर्फ त्याने बाहीने पुसला. मग पुढच्या. पूर्ण रांग त्याने पुसली. मी खिडकीतून बघत होते आणि रडत होते, आणि रडताना सुद्धा मला त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या.

मला वाटलं, आता तरी डॉक्टरकडे येईल. नाही आला. फक्त तेव्हापासून उजवा डोळा मिटून काम करायला लागला. डेनीचे सगळे मॉनिटर पुन्हा उघडले, लावलेले चुंबक एकेक करून काढले, रेघा सरळ केल्या. डॉक्टरचं नाव काढलं की एकच म्हणायचा, आईचं काय केलं होतं डॉक्टरांनी? खरंच काही केलं नव्हतं. तिला दोनदा गाडीतून नेलं, अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि वयाचं आहे म्हणून परत पाठवलं. ती गोष्ट जुनी झाली, आता काही निघालं असेल, असं मी म्हणायचे. काय निघालंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

त्याला दवाखान्यात नेलं ते विजेने. ट्यूब बंद असली तरी तिच्या आत वीज साठून राहते. काम करण्याआधी ती काढावी लागते. त्याच्याकडे त्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर होता, मुठीवर बागेच्या पाइपचा तुकडा चढवलेला, दांड्याला वायर बांधलेली आणि वायरीचा चिमटा लोखंडी सांगाड्याला. काचेवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं की टक् असा आवाज होतो आणि ट्यूब शांत होते. हे तो झोपेत करेल. पण एका डोळ्याने वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. टोक टोपीच्या बाजूने गेलं, टक् झालं नाही, त्याला वाटलं आधीच रिकामी आहे, आणि त्याने बोट घातलं.

मी गेले तेव्हा तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, हात छातीशी धरलेला, आणि हसत होता. तसं हसणं मला पुन्हा बघायचं नाही. दवाखान्यात हाताला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यात उजेड मारला, त्याला काहीतरी विचारलं, मग बाहेर जाऊन फोन केला. आम्हाला त्याच मजल्यावर डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथे डॉ. प्रेंटिस म्हणून एक बाई होती, आमच्या सुनेच्या वयाची, सून असती तर. तिने अर्विनच्या हातात पोस्टकार्डाएवढं एक कार्ड दिलं.

कार्डावर जाळी होती. आडव्या उभ्या रेघा आणि मध्ये ठिपका. अर्विन कितीतरी वेळ कार्ड धरून बसला.

"ही माझी जाळी आहे," तो म्हणाला.

डॉक्टरला कळलं नाही. मी सांगितलं. ती म्हणाली की डोळ्यांचे डॉक्टर ही पूर्वीपासून वापरतात, एकेक डोळा झाकून बघायची, रेघ वाकली तर लगेच यायचं. अर्विनने सवयीने डावा डोळा मिटला. आणि त्याचा पट्टी न बांधलेला हात कार्डाच्या मागे गेला, बोटं काहीतरी चाचपायला लागली. चुंबक लावायची जागा. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेरच्या गाड्या बघायला लागले.

काय दिसतंय, असं तिने विचारलं. मध्ये काहीच नाही, तो म्हणाला, ऑक्टोबरात वाकडं होतं, आता काहीच नाही. मग तिने उजवा झाकायला सांगितला. तो जरा थांबून म्हणाला, सरळ आहे. नक्की ना, म्हणाली. त्यावर तो पुन्हा थांबला आणि पुन्हा सरळ म्हणाला.

तिने आम्हाला समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत, घाई न करता. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपलं होतं, आता तिथे वण धरला होता, तो काही जायचा नाही. ऑक्टोबरात आला असता तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन पुष्कळसं वाचवता आलं असतं. डाव्या डोळ्यालाही हे कधीही होईल. पण तो वाचवता येईल, ज्या दिवशी रेघ वाकेल त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी नको. हे वाक्य तिने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

परत येताना गाडी मी चालवत होते. सरोवर गोठलं होतं. वाटेत तो म्हणाला की इंजेक्शन म्हणजे झटकाच तो. चार दिवस झगमगायचं आणि मग कायमचं जायचं.

"डोळा म्हणजे ट्यूब नाही, अर्विन."

"मग काय आहे?"

मी गाडी कडेला थांबवली आणि त्याला शपथ घालून सांगितलं की रोज सकाळी, माझ्यासमोर, कार्ड बघायचं आणि काय दिसतं ते मोठ्याने म्हणायचं. नाहीतर मी घर सोडून जाईन. जाणार कुठे, हे त्याने विचारलं नाही, ही त्याची माणुसकी. बरं म्हणाला.

कार्ड त्यानेच फ्रिजच्या दारावर लावलं, ट्यूबांवरून काढलेल्या दोन चुंबकांनी. रोज सकाळी तो पायजम्यात यायचा, फ्रिजसमोर उभा राहायचा, उजव्या डोळ्यावर तळहात धरायचा आणि म्हणायचा, "सरळ आहे." मी स्टोव्हपाशी पाठमोरी असायचे, आणि तो शब्द ऐकला की मग कॉफी ओतायचे. दिवस त्या शब्दानंतरच सुरू व्हायचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. डेनी येऊन आपले मॉनिटर घेऊन गेला, सगळे सरळ, आणि कोरी ट्यूबही त्याच्याबरोबर गेली. डेनी ती परत द्यायला बघत होता, अर्विनने घेतली नाही. गॅरेजमध्ये तो कमी जायला लागला. थंडी आहे म्हणायचा. वर्तमानपत्र वाचायचाही कंटाळा करायला लागला, तूच वाचून दाखव म्हणायचा, आणि मी वाचून दाखवायचे, कोण गेलं, कुठल्या चर्चमधलं. मला वाटायचं, दुःखात आहे, होईल हळूहळू. मला रोज सकाळी तो एक शब्द मिळत होता ना. त्यावर मी जगत होते. मे महिन्यात दुकान उघडायचं, दाराशी वडलांचं यंत्र पुसून ठेवायचं, असे बेतही मी करायला लागले होते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला एक शुक्रवार होता, त्या दिवशी मांस चालत नाही, म्हणजे रात्री तळलेले मासे. तेल उडून फ्रिजचं दार चिकट झालं होतं. शनिवारी सकाळी मी लवकर उठले, दारावरचं सगळं काढलं आणि गरम पाण्याने दार पुसत बसले. कार्डावरही तेलाचे थेंब पडले होते, म्हणून ते घेऊन मी मोरीकडे गेले आणि ओल्या फडक्याने टिपायला लागले. चुंबक तिथेच टेबलावर होते.

अर्विन आला. पायजमा, उघडे पाय. कुठे ठेच लागू नये म्हणून हल्ली तो भिंतीला एक हात लावून यायचा, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. तो फ्रिजसमोर जाऊन उभा राहिला. उजव्या डोळ्यावर तळहात धरला, मान किंचित कलती केली, अगदी रोजच्यासारखी, आणि धुतलेल्या, कोऱ्या, पांढऱ्या दाराकडे बघत म्हणाला, "सरळ आहे."

मी त्याच्या मागे उभी होते आणि कार्ड माझ्या ओल्या हातात होतं. तो कॉफीची वाट बघत होता. किती दिवसांपासून तो असं म्हणत आला होता, ते मी विचारलं नाही. मी कॉफी ओतली आणि कप त्याच्या हातात दिला, नीट, कान त्याच्या बोटांना लागेल असा.